पडद्यावरचा खून आणि गळाला लागलेला मासा

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पडू द्या. आपण वीसेक वर्षांपूर्वीच्या ब्रिटनमधलं डीव्हीडीचं एक फडताळ डोळ्यांसमोर आणू. एका कप्प्यात थरारपट आणि गुन्हेपट: 'गेट कार्टर', 'द लाँग गुड फ्रायडे', 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'. शेजारच्याच कप्प्यात कार्प मासा गळाने कसा पकडावा, याच्या डीव्हीडी. पहिल्या कप्प्यातल्या डब्यांवर लाल गोलात १८ हा आकडा. दुसऱ्यावर बहुधा नुसतं 'ई' हे अक्षर. म्हणजे एक्झेम्प्ट, सूट मिळालेलं.

आता गंमत पाहा. पहिल्या कप्प्यात नट मरायचं नाटक करतात, रक्त रंगाचं असतं. दुसऱ्या कप्प्यात मासा खरा, गळ खरा, त्याच्या ओठात रुतणारं टोकही खरं. कायद्याने वयाची अट घातली ती नाटकाला. हे असं का झालं, एवढंच आज आपल्याला तपासायचं आहे.

१९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये व्हिडिओ घरोघरी पोचला, पण चित्रपटांचे कायदे होते थिएटरपुरते. कॅसेटला कोणी विचारणारं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणालाही काहीही भाड्याने मिळे. मग वर्तमानपत्रांनी 'व्हिडिओ नॅस्टी' हा शब्द रुळवला, मेरी व्हाइटहाउस बाईंनी मोहीम उघडली, सरकारी अभियोग संचालकांच्या यादीत वेळोवेळी मिळून ७२ चित्रपटांची नावं आली. ग्रॅहॅम ब्राइट या खासदारांनी खासगी विधेयक आणलं आणि १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा झाला. घरी पाहायच्या प्रत्येक चित्रपटाला सेन्सॉर मंडळाचं, म्हणजे बीबीएफसीचं, प्रमाणपत्र लागू लागलं. त्याची फी मिनिटांच्या हिशेबाने.

पण सगळ्याच कॅसेटी तपासायच्या तर लग्नाच्या भजनांपासून टेनिसच्या शिकवणीपर्यंत काय काय बघत बसणार? म्हणून दुसऱ्या कलमात सूट आली. माहिती किंवा शिक्षण देणारं, आणि खेळ, धर्म वा संगीत यांच्याशी संबंधित असलेलं चित्रण प्रमाणपत्राशिवाय विकता येईल. त्या सूटीलाही अपवाद होता: माणसं किंवा प्राणी यांचा छळ, विच्छेदन, घोर हिंसा दाखवली तर सूट गेली. 'किंवा प्राणी' हे शब्द कायद्यातच आहेत, बरं का. तरी माशांच्या कॅसेटी खेळ म्हणून आणि शिकवणी म्हणून सुखेनैव बाहेर पडल्या. 'ई' हे अक्षर मंडळ देत नसे. विक्रेतेच आपल्या हाताने छापत.

इथे कार्प या माशाबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या रोहू-कटल्याचा हा नातलग. आपल्याकडे मत्स्यशेतीत सायप्रिनस म्हणतात तोच. इंग्लंडमध्ये तो मध्ययुगाच्या अखेरीस बाहेरून आला आणि तळ्यांत वाढला. पण तिथला गळवाला त्याला खात नाही. पकडतो, वजन करतो, फोटो काढतो, परत सोडतो. सप्टेंबर १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यातून ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा, कार्प काढला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला गेला, लोकांनी त्याचं नाव क्लॅरिसा ठेवलं, आणि १९७१ पर्यंत क्लॅरिसाबाई तिथे जिवंत होत्या. त्याच तळ्यात १६ जून १९८० रोजी, मासेमारीची बंदी उठते त्या दिवशी, ख्रिस येट्स यांनी ५१ पौंड ८ औंसांचा मासा काढून विक्रम मोडला. पुढे हेच येट्स १९९३ मध्ये बीबीसीच्या 'अ पॅशन फॉर अँगलिंग' या मालिकेत दिसले. ती पाहिल्यावर कळतं की हे लोक माशाची वाट पाहत नाहीत, ते पहाटेची वाट पाहतात. माशाला नाव देणारा, त्याचं चरित्र सांगणारा समाज हा. त्याला क्रूर म्हणून मोकळं होणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

तंत्राच्या अंगाने पाहिलं तर दोन्ही कप्पे सख्खे भाऊ आहेत. रात्र, पाणी, तंबूत बसलेला माणूस, आणि मासा लागला की वाजणारा इलेक्ट्रिक भोंगा. वॉकर यांनीच असं एक यंत्र जुळवलं होतं. हिचकॉक म्हणत असत की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे, तेव्हा ताण निर्माण होतो. कार्पच्या डीव्हीडीत तर मुखपृष्ठावरच मासा हातात धरलेला असतो! शेवट ठाऊक असूनही माणूस तासभर पाहतो. डीव्हीडीच्या काळात कोर्डा या सामान बनवणाऱ्या कंपनीने पाण्याखाली कॅमेरे लावले. कार्प आमिष तोंडात घेतो, गळ जाणवला की थुंकून टाकतो, आणि काठावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही, हे लोकांनी घरबसल्या पाहिलं. मासा इथे नुसतं सावज राहिला नाही. सावध प्रतिस्पर्धी झाला.

आणि प्रतिस्पर्ध्याला वेदना असते का, हा प्रश्न मग टळत नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. त्यातून 'मासा दुःख भोगतो' असं थेट निघतं का, यावर वाद आहे. संवेदन आणि दुःखाची जाणीव यांत अंतर आहे. पण हा वाद सुटण्याची वाट कायद्याने पाहिली नाही. २००६ चा प्राणीकल्याण कायदा सगळ्या पृष्ठवंशीयांना प्राणी मानतो, मासाही त्यात आला. आणि त्याच कायद्याचं ५९ वं कलम सांगतं की मासेमारीच्या नेहमीच्या ओघात जे घडेल त्याला हा कायदा लागू नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

आमच्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेले. एक, पडद्यावरचं पाहून पाहणाऱ्याचं काय होतं? दोन, पडद्यावर जे दिसतं ते घडताना कुणाचं काय झालं? १९८४ चा कायदा मुख्यतः पहिल्या प्रश्नाचा आहे. १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळ जेम्स बल्जर या लहानग्याचा खून झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'चाइल्ड्स प्ले ३' या चित्रपटाकडे बोट दाखवलं. खुनी मुलांनी तो पाहिल्याचा पुरावा नव्हता. तरी पुढच्याच वर्षी कायद्यात 'प्रेक्षकाला होऊ शकणारी हानी' ही कसोटी घालण्यात आली. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' थिएटरात १९९३ मध्येच लागला होता, पण घरच्या व्हिडिओला परवानगी मिळायला १९९५ उजाडलं. माशाचा प्रश्न दुसऱ्या जातीचा, आणि त्या जातीसाठी खेळाच्या कप्प्यात कुणी चाळणी लावलीच नाही.

कायद्याचं पुढे काय झालं? २००९ मध्ये लक्षात आलं की १९८४ चा कायदा युरोपियन आयोगाला कळवायचाच राहून गेला होता. पंचवीस वर्षं ज्याच्या बळावर खटले चालले, तो कायदा लागूच करता येत नव्हता! जानेवारी २०१० मध्ये संसदेने तोच मजकूर पुन्हा संमत केला. १ ऑक्टोबर २०१४ पासून सूटीची व्याख्या आवळली: खेळाच्या किंवा शिकवणीच्या डीव्हीडीतही लहान मुलांना अयोग्य असं काही, जसं की गलिच्छ शिव्या, असेल तर प्रमाणपत्र घ्या. म्हणजे आता कार्पच्या डीव्हीडीची सूट जायची भीती उरली ती एका प्रसंगी. गळ ओठात रुततो तेव्हा नव्हे. दोरा तुटून मासा निसटतो आणि काठावरचा गृहस्थ तोंड उघडतो, तेव्हा.