झाकण, कोळशाचा डबा आणि रबराची नळी

गाडीचं प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मागच्या नळीतून निघणारा धूर. आपल्याकडची पीयूसीही तिथेच नळी खुपसते. पण इंजिन बंद करून झाडाखाली उभी केलेली गाडीही हवा खराब करत असते, हे सहसा लक्षात येत नाही. पेट्रोल हे उडून जाणारं द्रव्य. ऊन चढलं की टाकीत वाफ होते आणि वाट मिळेल तिथून ती बाहेर पडते. १९६० च्या आधीच्या गाड्यांमधून जेवढं न जळलेलं इंधन हवेत जायचं, त्यातला साधारण पाचवा हिस्सा टाकी आणि कार्ब्युरेटरमधून नुसता उडून जात असे.

हे कळलं कसं, त्याची गोष्ट मजेशीर आहे. २६ जुलै १९४३ ला लॉस एंजेलिसवर असं काही धुकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे बसले. युद्धाचे दिवस होते. जपान्यांनी विषारी वायू सोडला असंच कित्येकांना वाटलं. मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडीन तयार व्हायचं. कारखाना बंद ठेवून पाहिला, तरी धुकं येतच राहिलं.

खरा गुन्हेगार सापडला तो एका अननसवाल्याला! आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे, कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ. अननसाला त्याचा वास कशामुळे येतो, याचा ते अभ्यास करत होते. तीच उपकरणं त्यांनी शहराच्या हवेवर लावली. १९५२ पर्यंत त्यांनी दाखवून दिलं की पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे झोंबवणारं बाकीचं रसायनही त्यातूनच निपजतं. तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांना चूक ठरवायचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. ओझोन मोजायची त्या काळातली एक युक्ती तर फारच साधी होती. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला चिरा कशा पडतात ते पाहायचं. ओझोन रबराला खातो.

पुढे कायदे आले ते क्रमाने. आधी इंजिनच्या पोटातल्या वायूंवर, मग मागच्या नळीवर, आणि १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात, १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत, वाफेवर. उपाय सुरेख होता. टाकीची वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या डब्यात न्यायची. हा सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की एक झडप उघडते, इंजिनची ओढ डब्यातून ताजी हवा खेचते आणि धरलेली वाफ सिलिंडरमध्ये जाऊन जळते. १९७८ पासून अख्खी गाडी बंद खोलीत उभी करून वाफ मोजायला लागले. मर्यादा आधी ६ ग्रॅम होती, पुढे ती २ ग्रॅमवर आली.

पण नवी गाडी पास झाली म्हणजे पंधरा वर्षांनीही ती तशीच राहते असं थोडंच आहे? म्हणून १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना स्वतःची तपासणी स्वतः करणं भाग पडलं. गाडी आपल्याच टाकीला हवाबंद करून दाब टिकतो का ते बघते. एका मिलिमीटरएवढं भोक तिला सापडलं पाहिजे. २००० पासून टप्प्याटप्प्याने ते अर्ध्या मिलिमीटरवर आलं.

माझी गाडी १९९९ ची. २०१८ साली तिचा इंजिनचा दिवा लागला. कोड पी०४४२, म्हणजे वाफेच्या यंत्रणेत बारीक गळती. गाडी छान पळत होती, धूर नव्हता. पण दिवा लागलेला असेल तर कॅलिफोर्नियात स्मॉग चेक नापास, आणि त्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. ऑफिसला जायला दुसरं साधन नव्हतं. पुण्याच्या मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, वास येतो म्हणून नापास?" :)

एका गॅरेजवाल्याने न बघताच कोळशाचा डबा बदलायला सांगितलं. आकडा ऐकून मी गाडी घेऊन बाहेर पडलो. कोड दोष कुठल्या घरात आहे ते सांगतो, कुठल्या खोलीत ते नाही. म्हणून स्वस्तापासून सुरुवात करायची: आधी टाकीचं झाकण आणि त्याची रबरी कडी, मग दिसतील तेवढ्या नळ्या, मग दोन्ही झडपा नीट बंद होतात का. माझं झाकण चांगलं होतं, झडपाही. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिककडे धूर सोडून पाहिलं. अगदी कमी दाबाने तेलाचा पांढरा धूर यंत्रणेत भरतात आणि दिवा घेऊन बघत बसतात. पाचेक मिनिटांत डब्याजवळच्या एका रबरी नळीच्या वळणावर धुराची बारीक रेघ उठली. नळी वाकते तिथेच चिरली होती.

वाकवलेलं रबर, आणि त्याला पडलेली चीर! वय, उष्णता आणि ओझोन, तिघांनी मिळून केलेलं काम. हागेन-स्मिटांच्या काळात मुद्दाम करत होते तो प्रयोग माझ्या गाडीखाली वीस वर्षं आपोआप चालला होता.

नळी स्वस्तात झाली, मजुरी मात्र बरीच लागली. जुनी गाडी बहुधा ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्याकडेच असते, आणि हा भुर्दंड त्यालाच जास्त बसतो, हे मला आजही टोचतं. पण हायवेला लागून असलेल्या स्वस्त घरांमध्ये राहून तीच हवा छातीत भरून घेणारेही बरेचदा तेच असतात. त्यामुळे कायदा सैल करा असं म्हणवत नाही. दुरुस्तीला हात द्या, एवढंच म्हणतो.

आणि भाचेमंडळींनो, २०२० नंतरची तुमची बीएस-६ बाइक असेल तर तिच्यातही असा कोळशाचा डबा आहे. त्याच्या नळ्यांकडे अधूनमधून बघत जा.