पणजोबांचं नाव

शेलूबाजारात काय किंवा मंगरुळपीर तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, नातवाचं बारसं ठरलं की घरात दोन जुनी नावं समोरासमोर येतात. आजोबांचं विठ्ठल ठेवायचं की पणजोबांचं नारायण? आत्या पाळण्याशी येऊन उभी राहते, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करायची वेळ होते, तरी निकाल लागत नाही.

आपल्या वाशीमच्या राजांनी हा निकाल फार पूर्वी लावला होता. वाशीम तेव्हा वत्सगुल्म होतं, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. घराण्याचा मूळ पुरुष विंध्यशक्ती, त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन, त्याचा सर्वसेन. या सर्वसेनानं चौथ्या शतकात वत्सगुल्मची गादी स्थापली. आता पुढची नावं ऐका. सर्वसेनाचा मुलगा पुन्हा विंध्यशक्ती, नातू पुन्हा प्रवरसेन, पणतू पुन्हा सर्वसेन! प्रत्येकाला पणजोबांचं नाव, आजोबांचं नाही. पुराणं पहिल्या प्रवरसेनाला साठ वर्षांचं राज्य देतात. तेव्हा हा नातू जन्मला त्या वेळी आजोबा सिंहासनावर असण्याचा संभव मोठा. हयात माणसाचं नाव पाळण्यात घालायला अनेक घरांत आजही मन धजत नाही.

गंमत पुढेच आहे. वाशीमला १९३९ साली सापडलेल्या ताम्रपटात हा दुसरा विंध्यशक्ती, आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी, ‘विंध्यशक्ती’ म्हणूनच गाव दान देतो. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातल्या लेखात मात्र तोच ‘विंध्यसेन’ होतो. तो लेख पद्यात आहे, आणि पुढचेमागचे सगळे ‘सेन’. कवीला वृत्तात बसेल ते नाव हवं, राजाला कुळाचं. वा. वि. मिराशींनी या ताम्रपटाच्या आधारानं अजिंठ्यातली नावं नीट लावली. त्याच लेखात आठव्या वर्षी गादीवर आलेल्या राजाचं नाव झिजून गेलं होतं. तोच दुसरा सर्वसेन. त्याचं नाव पुढे सापडलेल्या ताम्रपटांनी परत दिलं.

एका माणसाला दोन नावं, ही आपल्याकडची जुनीच सोय. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग त्या नावाच्या मुलाला हाक कशी मारणार? घरोघरचे बापू, नाना, आबा बरेचसे यातूनच आले. संभाजीराजांच्या घरी १६८२ साली मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांवरून शिवाजी ठेवलं. इतिहास त्याला शाहू म्हणून ओळखतो.

वत्सगुल्मला दुसऱ्या सर्वसेनानंतर पाळण्यात विंध्यशक्ती यायला हवा होता. आला देवसेन, ज्याच्या नावाचा पूर्वज घराण्यात नव्हता. वाशीमजवळच्या हिस्सेबोराळ्याच्या शके ३८०च्या लेखात त्याचं नाव आहे. आणि त्याचा मुलगा हरिषेण. हेही नाव नवंच, पण घराण्यातला सर्वांत नावाजलेला राजा तोच ठरला. अजिंठ्याचं ते सोळावं लेणं त्याच्याच मंत्र्यानं, वराहदेवानं, कोरवून घेतलं.