कांदाटी खोऱ्याच्या माथ्यावर : गवळी धनगरांचा न लिहिलेला इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील खेडहून पूर्वेकडे निघालेला रस्ता खोपी गावापाशी सह्याद्रीला भिडतो आणि रघुवीर घाटाने वर चढू लागतो. घाटमाथ्यावर जिल्हा बदलतो. पुढचे शिंदी हे गाव साताऱ्याचे, आणि त्याच्या पलीकडे उलगडते ते कांदाटी नदीचे खोरे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी. सरकारी नकाशात हे खोरे साताऱ्यात असले, तरी पायी चालणाऱ्या माणसाला खेडचा बाजार जवळचा.

येथे येणारे बहुतेक जण गडांच्या ओढीने येतात. महिमंडणगड, चकदेव, पर्वत, वासोटा. धारेच्या कोकणबाजूला रसाळगड, सुमारगड, महिपतगड. वाटेत एखादा धनगरवाडा लागतो. चारपाच घरे, शेणाने सारवलेले अंगण, म्हशींचा गोठा. तेथे ताक मिळते, पुढची वाट विचारली जाते आणि पाहुणे गडाकडे निघून जातात. भटकंतीच्या वर्णनांत या वाड्याच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते, आणि तीही ताकाची.

त्या ताकामागे मात्र एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी होती.

'धनगर' म्हटले की मेंढरांचा कळप आणि खांद्यावरची घोंगडी डोळ्यांसमोर येते. ते चित्र माणदेशातले, कमी पावसाच्या पठारावरचे. सह्याद्रीच्या माथ्यावर मेंढी टिकत नाही. कांदाटी खोऱ्याच्या उत्तरेला असलेल्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ओल्या भूमीत मेंढीचे खूर कुजतात आणि लोकर भिजून जड होते. म्हैस मात्र या पावसात सुखाने राहते. म्हणून माथ्यावरचा धनगर म्हशी व गाई पाळणारा, गवळी धनगर झाला. ढेबे, आखाडे, झोरे, कोकरे अशी आडनावे या पट्ट्यात भेटतात.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा सविस्तर अभ्यास करून १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून दिसलेली मांडणी मोठी विलक्षण आहे. एकाच डोंगरावर दोन समाज राहात होते, पण त्यांची पोटे वेगवेगळ्या उंचीवर भरत होती. खालच्या खोऱ्यात कुणबी : त्यांची भातशेती, उतारावर नाचणी-वरी, नांगरापुरती जनावरे आणि शिकार. वरच्या अंगाला गवळी : त्यांची गुरे, माथ्याच्या सपाटीवर थोडी फिरती शेती, आणि शिकार नाही. कुणब्याकडे धान्य होते पण दूधदुभते फारसे नव्हते. गवळ्याकडे दूधदुभते होते पण धान्य पुरत नव्हते. दोघांत स्पर्धेला जागा कमी आणि देवघेवीला जास्त होती.

या देवघेवीचे माध्यम दूध असू शकत नव्हते. घाट उतरेपर्यंत ते नासले असते. म्हणून घरी दही लावायचे, घुसळायचे, ताक घरात प्यायचे आणि लोणी बाजारात न्यायचे. लोणी कढवून तूप केले की ते आणखी टिकते. दुधाच्या मानाने वजन नगण्य, किंमत मोठी. वीस-तीस किलोमीटर अंतरावरच्या बाजारात आठवड्यातून एकदा ते पोचवता येई आणि बदल्यात धान्य येई. म्हणजे मुक्कामावर पाहुण्याला मिळणारे ताक हा या व्यवस्थेचा घरात राहिलेला अर्धा भाग. दुसरा अर्धा डोक्यावरून घाट उतरून गेलेला असे.

त्या वाटांचाही विचार करायला हवा. इतिहासाच्या पुस्तकांत घाट येतात ते लष्कर आणि जकात यांच्या निमित्ताने. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हा देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या वाटांची किल्लीच त्यांच्या हाती आली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कांदाटी खोऱ्यातही त्या व्यवस्थेची खूण गावाच्या नावात उरली आहे. महिमंडणगडाच्या पायथ्याला 'मेट शिंदी' आहे. मेट म्हणजे गडाखालची पहाऱ्याची वस्ती. राजमार्ग आणि मेटे कागदावर आली. चकदेवच्या कड्याला लावलेल्या शिड्यांसारख्या वाटा मात्र रोजच्या पायांनी जिवंत ठेवल्या. सैन्य घाटातून क्वचित जाते. तुपाचे मडके दर आठवड्याला जाते.

गडांना दूधदुभते पुरवणाऱ्या या लोकांची एकच व्यक्ती मराठी मनात ठसली, ती म्हणजे रायगडाची हिरकणी. दूध विकायला वर गेलेली, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरलेली गवळण. ही आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच ती वाचावी. तरी तिच्यात एक साधे सत्य सहज शिरले आहे : गडाला गवळी लागत असे, आणि कड्याची जी वाट किल्लेदाराला ठाऊक नव्हती ती गवळणीच्या पायांना सापडली.

याहून जुनी स्मृतीही आहे. जुने देऊळ किंवा पडका कोट दाखवून 'हे गवळी राजाच्या काळचे' असे सांगणारी माणसे महाराष्ट्रात ठिकठिकाणी भेटतात. देवगिरीच्या यादवांशी या कथांचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या पशुपालकांच्या दैवतांचा माग काढण्यात आयुष्य वेचले, रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. ज्यांच्या देवाभोवती मराठी भक्तिपरंपरा उभी राहिली असे हे मत मांडते, त्यांच्याच वाड्याची नोंद महसुली दप्तरात सापडणे कठीण, हा विरोधाभास लहान नाही.

दप्तरात त्यांची नोंद का नाही, याचे कारण सरळ आहे. महसूल पिकावर बसतो. कोकणात खोती होती. जमीन खोताच्या किंवा कुळाच्या नावे चाले. गवळ्याची मुख्य संपत्ती चार पायांवर फिरणारी. चारा संपला, गुरांत रोगाची साथ आली, की वाडा उठून दुसऱ्या टेपावर जाई. वसाहतकाळात, विशेषतः १८७८ च्या वन कायद्यानंतर, राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या. फिरती शेती वनखात्याला नको होती आणि चराईवर बंधने आली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, परंतु जमीन मिळाली ती ज्याचे नाव कुठेतरी लागले होते त्याला.

मग कोयना आली. १९६०च्या दशकाच्या आरंभी धरणाचे पाणी साठू लागले आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर तयार झाला. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या वीजगृहाकडे वळवले गेले. कांदाटीचे खालचे खोरे बुडाले. साताऱ्याकडे जायचे तर लाँचने तापोळा किंवा बामणोली गाठावी लागे. खोरे एका बाजूने तुटले आणि कोकणाकडची जुनी घाटवाट पुन्हा महत्त्वाची झाली.

धरणाचा परिणाम पाण्याच्या रेषेवर थांबत नाही. सह्याद्रीतल्या धरणांनी खालची भातखाचरे बुडवली, तेव्हा गावे न सोडलेला शेतकरी वर सरकला. वर गवळी होताच. शतकानुशतके दोन उंचींवर वाटून घेतलेला डोंगर आता एकाच पट्ट्यात आला आणि जेथे देवघेव होती तेथे ओढाताण सुरू झाली. चराई आटली, कळप लहान झाले. तरुण मुंबई-पुण्याच्या वाटेला लागले.

१९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली अभयारण्य घोषित झाले. २०१० मध्ये या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यांत कोयना व चांदोली आहेत. जंगल राखले जाणे आवश्यकच होते. पण ज्या रानाला 'अस्पर्श' म्हणून गौरवले जाते, त्यातल्या कित्येक माळांवर म्हशी चरत आल्या होत्या.

आता प्रश्न पुराव्याचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे. मात्र महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातीत नसून भटक्या जमातींत मोडतात. त्यामुळे त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' या गटातून दावा करावा लागतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, त्या वनात वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. हिशोब केला तर १९३० पर्यंत मागे जावे लागते. ज्या समाजाकडे सातबारा नव्हता, ज्याचा वाडा टेप बदलत असे, त्याने १९३० चा कागद कोठून आणावा?

कायद्याच्या नियमांनी येथे एक दार उघडे ठेवले आहे. कागदाखेरीज वृद्धांचे लेखी नोंदवलेले निवेदन, वंशावळ, घरांचे व बांधांचे अवशेष, जुनी चराऊ राने, दफनभूमी, देवस्थाने हेही पुरावे म्हणून चालतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही यादी ओळखीची वाटेल. गडावरचे पडके जोते पाहून सदर कोठली आणि कोठार कोठले हे ठरवताना तो हीच साधने वापरतो. फरक एवढाच की गडाच्या जोत्याला फलक लागतो.

रघुवीर घाटाच्या माथ्यावरून धारेने चालताना कारवीत मधेच एखादी मोकळी सपाटी लागते. ओळीने रचलेले दगड, गोठ्याचा चौक, शेंदूर लावलेला एक धोंडा, थोड्या अंतरावर दगडांनी बांधलेली पाण्याची जागा. वाडा उठून किती वर्षे झाली हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगता येते, आणि तेथे कोण राहात होते त्यांची नावेही. कारवी वाढली की पाचसहा पावसाळ्यांत ते दगड दिसेनासे होतात.