वही, कार्ड आणि अंगठा

दुष्काळ मराठवाड्याला नवा नाहीं; परंतु घरांतील माणसें मोजून सरकारनें धान्य द्यावें, ही गोष्ट या मुलखाला तशी अलीकडचीच. १९४३ सालीं बंगालमध्यें अन्नान्न करीत लाखों माणसें मेलीं, आणि त्याच वर्षीं मुंबई शहरांत रेशनिंग सुरू होऊन मुंबईकराच्या हातीं कार्ड आलें. शिरूर अनंतपाळच्या आसपासचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता; निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तर बिदर जिल्ह्यांत मोडत. तेथील कुणब्याची सरकारी धान्याशीं गांठ पडली ती घेणारा म्हणून नव्हे, देणारा म्हणून. युद्धकाळांत लेव्ही बसली, आणि सरकारचा माणूस पिकांतला ठरलेला वांटा मापून नेऊं लागला. पिकलें किती, याचा निवाडा पिकविणाऱ्याच्या शब्दावर होत नसे. कोणाचा शब्द खरा मानावयाचा, हा प्रश्न तेव्हांपासून या धान्याच्या पाठीस लागला आहे.

संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि हळूहळू खेड्यांतूनहि स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं. १९७२ च्या दुष्काळांत या दुकानांतून अमेरिकेची मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, आली. ज्वारी पिकविणाऱ्या प्रदेशानें परदेशची ज्वारी रांगेंत उभें राहून घ्यावी, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा! त्या लाल भाकरीची आठवण त्या पिढीनें जन्मभर सांगितली.

दुकानांत खरी सत्ता होती ती वहीची. दुकानदारानें मापून द्यावें, कार्डावर एक आंकडा टाकावा, वहींत दुसरा मांडावा, आणि गिऱ्हाइकानें त्यापुढें सही करावी किंवा शाईचा अंगठा उठवावा, अशी रीत होती. दोन्ही आंकडे सारखे असतीलच असा नेम नव्हता. निरक्षर माणसाला वहींत काय लिहिलें तें कळत नसे, आणि ‘कोटा आला नाहीं’ एवढ्या उत्तरापुढें त्याचा इलाज चालत नसे. सगळेच दुकानदार लबाड होते असें मुळींच नव्हे; पण सचोटीच्या दुकानदाराजवळहि आपल्या सचोटीचा पुरावा म्हणून तीच वही होती.

१९९९ सालीं महाराष्ट्रांत कार्डांना पिवळा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग आले. पुढें २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा झाला. फेब्रुवारी २०१४ पासून तो या राज्यांत अंमलांत आला. अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशीं ५ किलो धान्य हा आतां हक्क ठरला; जानेवारी २०२३ पासून तें मोफतहि झालें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं गाजलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ सालीं याच दरानें धान्य देऊं केलें होतें. त्यांत लातूरहि होता. २०२३ मध्यें मात्र त्या धान्याऐवजीं रोख रक्कम खात्यांत जमा करण्याचें ठरलें, आणि तें गिऱ्हाईक दुकानांतून उठून बँकेच्या रांगेंत गेलें.

हक्क कागदावर आला, पण तो मागणारा माणूस तोच कशावरून? २०१७ च्या सुमारास वहीच्या जागीं ई-पॉस यंत्र आलें तें या प्रश्नाचें उत्तर घेऊन. दुकानदार कार्डाचा बारा आंकडी क्रमांक दाबतो; घरांतील माणसांचीं नांवें पडद्यावर उमटतात; त्यांतील एकानें कांचेवर बोट ठेवावयाचें. ठसा आधारच्या नोंदीशीं जुळला म्हणजे धान्य मापलें जातें आणि पावती बाहेर येते. वहींतले दोन आंकडे जुळविण्याची दुकानदाराची सोय त्यामुळें पुष्कळच आटली, हा लाभ थोडा नव्हे. परंतु भार दुकानदाराच्या वहीवरून उतरून खाणाऱ्याच्या बोटावर आला. खुरपें, कोयता आणि माती यांनीं ज्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्याचेंच बोट यंत्र नाकारतें. लिहिणाऱ्या बोटांना हा जाच सहसा होत नाहीं. मग दुकानदार हात धुवून यावयास सांगतो, बोट पुसतो, दुसरें बोट लावून पाहतो. तेंहि न जुळल्यास डोळ्यांची खूण किंवा मोबाईलवर आलेला आंकडा असे मार्ग नियमांत आहेत. नेटवर्क नसलें म्हणजे मात्र दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेहि सारखेच हतबल.

याच यंत्रानें एक जुना बंध तोडला, हेंहि सांगितलें पाहिजे. पूर्वी कार्ड एका दुकानाला बांधलेलें असे. ऊसतोडीला किंवा हैदराबादेस मजुरीला गेलेल्या कुटुंबाचें धान्य गांवांतच राही. ऑगस्ट २०१९ मध्यें महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांपासून ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजना सुरू झाली, आणि पुढें ती देशभर पसरली. आतां कोयता घेऊन गेलेल्या मुलानें आपला वांटा तिकडे उचलावा, आणि घरीं राहिलेल्या आईबापांनीं आपला वांटा गांवच्या दुकानांतून घ्यावा, हें शक्य झालें आहे.

अलीकडे, २०२४ पासून, कार्डावरील प्रत्येक माणसानें आपली ओळख स्वतः पटवावी असा आग्रह सुरू झाला. पूर्वी घरांतील एकाचा अंगठा साऱ्या घराला पुरत असे. आतां मुलांपासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत सर्वांचा ठसा हवा, नाहीं तर नांव गळण्याची धास्ती. मुदती पुनःपुन्हां वाढवाव्या लागल्या; पुढें मोबाईलपुढें चेहरा धरून ओळख पटविण्याची सोयहि निघाली. हा खटाटोप करून घेण्याचें काम पुन्हां दुकानदाराच्याच गळ्यांत पडलें आहे.