माळेतला खोटा मणी

कावीळ म्हटले की आपल्याला पिवळे डोळे आठवतात. पण ‘ब’ काविळीचा विषाणू डोळे पिवळे न करताही यकृतात वर्षानुवर्षे राहू शकतो. जन्मताना आईकडून संसर्ग झालेल्या बहुतेक बालकांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. यकृताच्या पेशी मरत राहतात, त्यांच्या जागी तंतुमय वण साठतात आणि पुढे काहींना सिरोसिस किंवा कर्करोग होतो.

बारूक ब्लूम्बर्ग यांच्या १९६०च्या दशकातील संशोधनातून या विषाणूचा माग लागला. कर्करोगाशी त्याचे नाते पामर बीस्ली व सहकाऱ्यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीतून १९८१ मध्ये दाखवले. औषध मात्र एड्सच्या संशोधनातून आले. दोन्ही विषाणू आरएनएवरून डीएनए तयार करतात. लॅमिव्हुडिन हा त्या माळेतला खोटा मणी. तो ओवला गेला की पुढचा मणी बसतच नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत ते ‘ब’ काविळीसाठी मान्य झाले.

रक्तातले विषाणू घटले. पण रोग थांबला का? याचे उत्तर युन-फान लियाव व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दिले. यकृतावर बरेच वण किंवा सिरोसिस असलेल्या ६५१ रुग्णांपैकी ४३६ जणांना लॅमिव्हुडिन आणि २१५ जणांना औषध नसलेली गोळी दिली होती. रोग बळावण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.८ टक्के, तर इतरांत १७.७ टक्के आढळले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

पण विषाणूही बदलत होता. औषध घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के रुग्णांत त्याला न जुमानणारे विषाणू सापडले, आणि अशांना औषधाचा लाभ कमी झाला. एन्टेकॅव्हिर, टेनोफोव्हिर ही औषधे पुढे आली ती या अडचणीवर मात करणारी ठरली. टेनोफोव्हिर पाच वर्षे घेतलेल्या, आधी सिरोसिस असलेल्या ९६ जणांची यकृते पुन्हा तपासली, तेव्हा ७१ जणांत सिरोसिस उरला नव्हता! हा अहवाल २०१३ चा. सिरोसिस परतत नाही, या जुन्या समजुतीला त्याने धक्का दिला.

तरीही विषाणूचा मूळ डीएनए पेशीकेंद्रात दडून राहतो. म्हणून बहुतेकांना औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. त्यापेक्षा जन्मल्यावर २४ तासांत दिलेली लस सोपी. आणि वर्गात एका डब्यातून खाल्ल्याने हा विषाणू पसरत नाही, हेही आपण मुलांना सांगायला हवे.