मिलाग्रो: फौजेबरोबर फिरलेला शब्द

आज एका शब्दाच्या मागावर निघू. स्पॅनिशमध्ये चमत्काराला ‘मिलाग्रो’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘मिराकुलुम’, म्हणजे आश्चर्य वाटावं अशी गोष्ट. स्पेनमध्ये लोकांच्या तोंडी त्यातल्या ‘र’ आणि ‘ल’ने जागा बदलल्या. आपल्याकडे लखनौचं ‘नखलौ’ होतं ना, तसंच. गंमत म्हणजे या लॅटिन शब्दाचं मूळ आणि संस्कृतचा ‘स्मि’ धातू एकाच घरातले, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा आपला ‘विस्मय’ या मिलाग्रोचा लांबचा चुलतभाऊच.

मी पायदळातला, त्यामुळे मिलाग्रो म्हटलं की मला एम्पेल आठवतं. डिसेंबर १५८५, नेदरलँड्स. डच सैन्याने बांध फोडले आणि स्पॅनिश पायदळ दोन नद्यांमधल्या बेटावर अडकलं. चहूकडे पाणी, वर डचांची जहाजं, रसद संपलेली. स्पॅनिश परंपरा सांगते की खंदक खणताना एका शिपायाला मारियामातेचं चित्र सापडलं. त्याच रात्री असा गारठा पडला की पाणी गोठलं. बर्फात अडकण्याच्या भीतीने जहाजं मागे सरली आणि स्पॅनिश सैनिक चाल करून गेले. याला ते ‘एम्पेलचा मिलाग्रो’ म्हणतात. १८९२पासून तीच माता स्पॅनिश पायदळाची अधिकृत आश्रयदाती आहे. युद्धाच्या अहवालात मी याला हवामान म्हणेन. पण उपाशीपोटी ओल्या खंदकात बसलेल्या जवानाला ते ऐकवायला मी जाणार नाही.

अशीच माणसं, आणि त्यांच्यासोबतचे पाद्री, हा शब्द घेऊन समुद्रापार गेले. मेक्सिकोत नवसाला वाहायच्या धातूच्या छोट्या हातापायांना, डोळ्यांनाच ‘मिलाग्रो’ म्हणू लागले. फिलिपीन्समध्ये स्पेनची सत्ता १५६५ ते १८९८. तिथल्या टागालोग भाषेत चमत्काराला स्वतःचा शब्द होता, ‘हिमाला’. तो देवाधर्माकडे राहिला. परका ‘मिलाग्रो’ मात्र थट्टेत उतरला. फार दिवसांनी कुणी दारात आलं की म्हणायचं, मिलाग्रो! आणि ‘मिलाग्रो करणं’ म्हणजे चोरून केलेले प्रेमाचे चाळे.

आपल्या किनाऱ्यावर स्पॅनिश नव्हे, त्याचं पोर्तुगीज भावंड आलं: ‘मिलाग्र’. गोव्या-मंगळुरातल्या ख्रिस्ती कोंकणीत तो रोजचा शब्द. मंगळुरातलं मिलाग्रिस चर्च आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. पण खरी गोष्ट म्हापशाची. तिथल्या सेंट जेरोम चर्चमधल्या ‘मिलाग्रीस सायबिणी’च्या फेस्ताला हिंदूही रांगेत उभे असतात. लोकांच्या मते ती शिरगावच्या लईराईची बहीण, सात बहिणींतली मिराबाई. नाव पोर्तुगीज झालं, पण नातं लोकांनी सोडलं नाही. तिच्यासाठी तेल घेऊन ते आजही चर्चमध्ये जातात.