बहात्तर तास

हिवाळ्यात धुळे-जळगाव पट्ट्यातल्या कुठल्याही घरात घडू शकेल असा हा घटनाक्रम. घर प्रातिनिधिक आहे. रोटाव्हायरसची वाटचाल खरी आहे.

७२ तास आधी
शेतात भरीत पार्टी. सहा वर्षांचा मुलगा दिवसभर हुंदडतोय. ताप नाही, जुलाब नाहीत. तरी रोटाव्हायरस त्याच्या आतड्यात आहे. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे शरीर त्याला आवरून धरतं, पण शौचावाटे विषाणू बाहेर पडतोच. मुलाने हात नुसते पाण्यात बुचकळले आणि नऊ महिन्यांच्या बहिणीला कुस्करलेलं केळं बोटाने चाटवलं. संसर्गाला शंभराहून कमी विषाणूही पुरतात. कुटुंब मजुरीसाठी सुरतेला असताना तिच्या रोटाच्या लशी राहून गेल्या होत्या.

४८ तास आधी
बाळ हसतंय, रांगतंय. लहान आतड्याच्या आतल्या केसाळ उंचवट्यांच्या टोकांवर विषाणू वाढतोय. संसर्ग झाला म्हणजे आजार दिसेलच असं नाही. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये जुलाब नसलेल्या नवजात बाळांत रोटाव्हायरस सापडला. त्यातल्याच ११६ई या वाणापासून पुढे ‘रोटाव्हॅक’ ही भारतीय लस तयार झाली.

२४ तास आधी
पहिली उलटी, अंगात कणकण. “दात येत असतील,” आजी म्हणते. पोटाला आराम म्हणून दूध बंद होतं. इथे पहिली चूक होते. अंगावरचं दूध चालूच ठेवायला हवं.

१८ तास आधी
पाण्यासारखे जुलाब. उंचवट्यांची टोकं झडली आहेत, त्यामुळे आतडं पाणी शोषत नाही. विषाणूचं एक प्रथिन उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. तरीही साखर आणि मीठ एकत्र शरीरात घेणारी वाट बरीचशी शाबूत असते. ओआरएस त्याच वाटेने काम करतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते सिद्ध करून दाखवलं. या घरात मात्र पाकीट नाही.

१२ तास आधी
मेडिकलमधून अँटिबायोटिक येतं. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. पाण्याची तूट वाढत राहते.

६ तास आधी
रडताना डोळ्यांत पाणी नाही. टाळू खोल गेली आहे. कित्येक तासांत लघवी नाही. पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते. याच घडीला रुग्णालय गाठायला हवं.

२ तास आधी
बाळ ग्लानीत आहे, वाटीला तोंड लावत नाही. आता शिरेतून सलाईनच हवं. गाडीची शोधाशोध सुरू होते.

शून्य
हातपाय गार, नाडी लागत नाही. शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने रक्ताभिसरण कोलमडलं आहे.

ही वेळ टाळता येते. महाराष्ट्रात २०१९ पासून रोटाची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे: ६, १० आणि १४ आठवड्यांना. राहून गेली असेल तर पहिली मात्रा वर्षाच्या आत घेता येते. लस घेतली तरी सावध राहा. पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस द्या: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात मोठं पाकीट पूर्ण. झिंक १४ दिवस द्या. आणि बाळाला भरवण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, अगदी ठणठणीत असणाऱ्यानेसुद्धा.